सॉरी कशाबद्दल

मदिनेतल्या हॉटेलवाल्यांत हुसेनमियाँइतकं सुंदर सॉरी दुसऱ्या कुणाला म्हणता येत नसे. उजवा हात छातीवर ठेवायचा, मान जराशी कलती करायची, नजर खाली न्यायची आणि मग अगदी हळू, आतून कुठून तरी उपसून काढल्यासारखा तो शब्द समोरच्याला द्यायचा. लिफ्ट बंद पडली, सॉरी. न्हाणीत गरम पाणी नाही, सॉरी. एका हाजीची बॅग दुसऱ्या हाजीच्या खोलीत गेली, दोघांनाही सॉरी. समोरचा तुर्की असो, नायजेरियाचा असो नाहीतर इंडोनेशियाचा, बाकी काही कळलं नाही तरी एवढं सगळ्यांना कळे आणि चिडून आलेला माणूस निम्मा थंड होऊन परत जाई. ही युक्ती त्यांना नोकरीच्या सुरुवातीला एका लेबनानी मॅनेजरनं शिकवली होती. पाहुणा तावातावानं आला की आधी सॉरी म्हणून टाकायचं, काय झालं ते नंतर विचारायचं. चादरी बदलण्यापासून सुरुवात केलेला रत्नागिरीचा हा माणूस त्याच हॉटेलात साफसफाईचा मुख्य सुपरवायझर झाला, त्यात त्या शब्दाचा वाटा मोठा होता. साठी उलटली तरी मालक त्यांना सोडत नव्हता.

त्यांच्या बायकोला, साबिराला, मात्र हा शब्द सोसत नसे.

सुरुवातीला तसं नव्हतं. लग्न होऊन ती खाडीकाठच्या गावातून मदिनेत आली तेव्हा तिनं शिकलेला पहिला इंग्रजी शब्द तोच होता आणि तिला तो आवडलाही होता. खालच्या किराणा दुकानात कुणाला धक्का लागला, जिन्यावर कुणी आडवं आलं, की सॉरी म्हणायचं आणि पुढे जायचं. अरबी येत नव्हतं, हिंदी मोडकीतोडकी, त्यात हा एक शब्द खिशातल्या रुमालासारखा कधीही काढता येत होता. तिच्या माहेरी असा रुमाल नव्हता. तिची आई, हातून काही झालं, तर “चुकलं माझं” म्हणायची. ते म्हणायला तिला वेळ लागे. आधी ती ओटीवर येरझाऱ्या घाली, भांडी उगाच इकडची तिकडे करी आणि मग समोर येऊन उभी राही. एकदा “चुकलं माझं” म्हटलं की काय चुकलं ते पुढे सांगावंच लागे, त्याशिवाय ते बोलणं पुरं होत नसे. सॉरीला पुढचं काही लागत नाही, हे साबिराला हळूहळू कळत गेलं.

आता तर घरात दिवसभर त्याचाच पाऊस होता. मुलगा आकिब उशिरा आला की दारातूनच सॉरी. सून नबीला शाळेत शिकवायला जाताना भांडी तशीच ठेवून जाई, जाता जाता सॉरी अम्मी. नात अरवा तर दूध सांडून टॅबलेटवरून डोळे न उचलता “सॉरी दादी” म्हणे आणि आपण दूध पुसल्यासारखाच तिचा चेहरा असे. साबिरा फडकं घेऊन खाली वाकत असे. रागावायला जागाच राहत नसे, कारण सॉरी तर म्हणून झालेलं असे.

त्या वर्षी हजचा मोसम जवळ आला आणि हुसेनमियाँची धाकटी बहीण फरहाना हजला येणार असं ठरलं. तिचा नवरा इसहाक दोनेक वर्षांपूर्वी वारला होता. आता घरच्या पुरुषाशिवाय बायकांना जथ्याजथ्यानं हजला येता येतं. तशा एका जथ्यात तिचा नंबर लागला होता. आधी मदिनेत आठवडाभर राहणं, मग बसनं मक्केला.

निघण्याआधी तिचा निरोप आला. साबिराला नव्हे, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. काब्याचं चित्र, खाली गुलाब आणि त्याखाली इंग्रजीत चार ओळी. अरवानं त्या वाचून दादीला अर्थ सांगितला. मी हजला चालले आहे, कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल तर सॉरी, मला माफ करा. खाली मुंबईपासून केप टाउनपर्यंतच्या नातेवाइकांनी जोडलेले हात आणि हिरवी हृदयं टाकली होती. कुणीतरी “माफ, माफ” असं लिहिलं होतं, दोनदा, म्हणजे एखादं राहून गेलं असेल तर दुसऱ्यात यावं.

“हे तिनं स्वतः लिहिलंय?” साबिरानं विचारलं.

“नाही दादी, फॉरवर्डेड आहे. इथे लिहिलंय बघ.”

हुसेनमियाँनी घरातल्या सगळ्यांच्या वतीनं जोडलेले हात टाकून दिले होते. साबिराच्याही वतीनं.

हजला जाणाऱ्यानं निघण्याआधी सगळ्यांची माफी मागायची, ही त्यांच्याकडची जुनी रीत. माणसानं माणसाचं केलेलं असतं ते अल्लाही परस्पर माफ करत नाही, ज्याचं केलं त्याच्याच दारात जावं लागतं, असं गावच्या मशिदीत दरवर्षी सांगत. साबिराला आपल्या आजोबांचं हजला जाणं आठवत होतं. तेव्हा मुंबईहून बोटीनं जात. आजोबा पंधरवडाभर आधीपासून घरोघर फिरत होते आणि पाचसहा वर्षांची साबिरा त्यांचं बोट धरून बरोबर होती. ते दारातल्या पायरीवर बसत आणि बहुतेक घरी लोक त्यांना उठवून आत नेत, सरबत देत. पण गावाच्या टोकाला एक विधवा बाई होती, ती दार उघडून उभीच राहिली. आजोबा तिच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, “तुझा फणस मी तोडला. सावली पडते म्हणून तोडला असं मी लोकांना सांगितलं. ते खोटं. रागानं तोडला.” बाईनं उरलेल्या बुंध्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “तो बरका होता. माझ्या नवऱ्यानं लावलेला.” आणि आत जाऊन तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं. आजोबा ते पायरीवरच बसून प्यायले. घरी येईपर्यंत ते टोपीनं घाम पुसत होते. साबिराला वाटे, माफी मागणं म्हणजे ते. त्यात घाम येतो.

आणि फरहानाकडून तिला तेवढंच हवं होतं. तीसेक वर्षं हवं होतं.

गोष्ट अशी होती. साबिराचं माहेर आणि सासर एकाच गावात, दोन मोहल्ल्यांत. गावात तेव्हा फोन मोजके, त्यातला एक सासरी. दर शुक्रवारी साबिरा लहान आकिबला कडेवर घेऊन मदिनेतल्या फोनच्या बूथवर रांगेत उभी राही. आधीच्या शुक्रवारी ठरवलेलं असे, त्याप्रमाणे तिची आई सासरच्या ओटीवर येऊन बसलेली असे. मग एका वर्षी रमजानच्या आधीपासून आई फोनवर यायची बंद झाली. फोन फरहाना घेई. आईला जरा खोकला आहे, आज पाहुणे आले, आज ऊन फार होतं म्हणून आली नाही. बाकी सगळं बरं आहे, भाभी, तू काळजी करू नकोस. परदेशातल्या माणसाला आजारपण कळवायचं नाही, ही गावाची दुसरी रीत. बिचारी एकटी आहे तिकडे, जीव टांगणीला कशाला लावायचा. साबिराला संशय येई, पण हुसेनमियाँ म्हणत, खोकलाच तर आहे. आणि त्यांना सुट्टी मिळाल्याशिवाय तिला एकटीला गावी जाता येत नव्हतं.

ईदच्या आसपास एका दुपारी हुसेनमियाँ अवेळी घरी आले आणि पलंगाच्या कडेला बसून म्हणाले, “आई गेली.” आदल्या दिवशीच दफनही झालं होतं. साबिरा रडली, तेही तिच्याबरोबर रडले. तेव्हा तिला वाटलं होतं की या वाळवंटात आपल्या दुःखाला साक्षी असलेला हा एकच माणूस आहे आणि तेवढा पुरे.

पुढच्या सुट्टीत ती गावी गेली तेव्हा आईच्या शेजारणीनं तिला एकटीला गाठून सांगितलं. आईला पोटाचं दुखणं होतं, महिनाभर अंथरुणाला खिळली होती. रोज विचारायची, साबिरा येते का? एक दिवस फरहाना येऊन सांगून गेली, फोन झाला साबिराशी, ती म्हणते सुट्टी मिळत नाही, ईद झाल्यावर बघते. शेजारीण म्हणाली, “त्यानंतर तुझ्या आईनं विचारलं नाही गो. भिंतीकडे तोंड करून पडून असायची.”

न कळवण्याचं साबिरानं कधीच सोडून दिलं असतं. सगळ्यांचीच माणसं अशी न कळवता जातात, इथल्या प्रत्येक घरात एकतरी अशी गोष्ट आहे. पण जे वाक्य तिच्या तोंडून निघालंच नव्हतं ते तिच्या नावानं आईला देण्यात आलं आणि आई ते खरं मानून गेली. सुट्टी मिळत नाही, ईद झाल्यावर बघते. साबिरा ते वाक्य कधी कधी मनातल्या मनात स्वतःच्या आवाजात म्हणून पाही आणि तिला भीती वाटे, कारण ते तिचंच वाटे.

तेव्हाच तिनं हुसेनमियाँना विचारलं होतं. ते म्हणाले होते, फरहाना पोरसवदा, घाबरली असेल, तोंडाला आलं ते बोलून गेली. जाऊ दे. आणि साबिरानं जाऊ दिलं नसलं तरी तोंड मिटून घेतलं. फरहानाचा इसहाक त्याच सुमाराला हुसेनमियाँच्या ओळखीनं मदिनेत नोकरीला लागला होता. पुढची कित्येक वर्षं तो दर जुम्म्याला साबिराकडे जेवायला येई. ती त्याला वाढत असे. फरहानाशी ती ईदच्या ईदला बोले. तेवढंच.

फरहाना आली ती आमसुलं, फणसाची साठं आणि गावच्या तांदळाचं पीठ घेऊन. साबिरानं यनबू बंदरातून आलेल्या सुरमईचं कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सांदणं केली. फरहाना जाडावली होती, गुडघे धरून जिना चढली. सगळ्यांशी बोलली, हसली, अरवाला धड मराठी बोलता येत नाही म्हणून तिची टर उडवली. अरवा म्हणाली, “सॉरी फुफी, आय अंडरस्टँड बट,” आणि सगळे हसले.

जेवणं झाली, पुरुषमाणसं बसली होती, नबीला चहा घेऊन आली. फरहानानं कप खाली ठेवला आणि साबिराचा हात हातात घेतला.

“भाभी, सॉरी हां. कळत-नकळत काही झालं असेल, बोलणंचालणं. मनात ठेवू नकोस.”

“कशाबद्दल?” साबिरा म्हणाली.

“अगं, सगळ्याबद्दलच.”

“सगळ्याबद्दल म्हणजे कशाबद्दल, फरहाना?”

फरहाना हसली. तिनं भावाकडे पाहिलं. आता म्हातारपणी काय परीक्षा घेतेस माझी, म्हणाली. साबिरानं हात सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही. नुसता राहू दिला. आकिबला काही कळेना, तो मोबाइल पाहू लागला.

“ती सॉरी म्हणाली ना,” हुसेनमियाँ म्हणाले. “हजला चाललेलं माणूस आहे. माफ केलं म्हण आणि संपव. खलास.”

साबिरा उठली आणि कप गोळा करू लागली. त्या दिवशी तिनं माफ केलं म्हटलं नाही. हुसेनमियाँ बहिणीला तिच्या हॉटेलवर सोडून आले आणि दोन दिवस साबिराशी तुटकपणे वागले. एवढं मोठं मन नाही का तुझं, असं एकदा म्हणाले. रोजच्या जेवणात मीठ कमी असल्यासारखं ते बोलले, पण साबिराला ते लागलं. कदाचित आपणच कोत्या मनाच्या असू, असं तिला वाटू लागलं. आई जाऊन किती वर्षं झाली. सगळं जग एका शब्दावर चालतं आहे आणि मीच एकटी उघड्या दारात उभी राहून विचारते आहे, कशाबद्दल.

मक्केच्या बसेस निघायच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, फरहाना एकटीच आली. टॅक्सी करून, पत्ता विचारत विचारत. घरात साबिरा आणि अरवाच होत्या. अरवाला आत पाठवलं. फरहाना सोफ्यावर बसली नाही. खाली गालिच्यावर बसली, गुडघे दुखत असतानाही. उठताना हिला हात द्यावा लागेल, असं साबिराच्या मनात आलं.

“आज आमच्या जथ्यातल्या सगळ्या बायका फोनवर रडून रडून माफी मागत होत्या,” फरहाना म्हणाली. “मी पण मागितली. चुलत्यांची, जावांची, शेजाऱ्यांची. सगळे म्हणाले, माफ, माफ. आणि मला तुझंच तोंड दिसत होतं. मला माहीत आहे तुला काय ऐकायचंय.”

“मग बोल.”

फरहानानं ओढणी तोंडाशी धरली, मग खाली सोडली.

“तुझी आई विचारत होती, साबिरा येते का. मी तिला सांगितलं, साबिराशी फोन झाला, सुट्टी मिळत नाही म्हणाली, ईद झाल्यावर बघते म्हणाली. तू असं काही म्हणाली नव्हतीस. तुला तर आजारही माहीत नव्हता. मी तिच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले. ती ‘बरं’ म्हणाली. एवढंच म्हणाली.”

साबिराला वाटलं होतं की हे ऐकलं की छातीवरचा दगड उतरेल. तो लगेच उतरला नाही, पण हलला. समोर जाडी, विधवा, दमलेली बाई बसली होती आणि तिला घाम आला होता. साबिरानं पाण्याचा पेला भरून तिच्यापुढे ठेवला. फरहानानं तो घेतला नाही.

“अजून एक आहे. अर्धं सांगून जाऊ का, म्हणून सकाळपासून विचार करतेय. अर्धी माफी घेऊन तिकडे उभं कसं राहायचं.” तिनं दाराकडे एकदा पाहिलं. “ते वाक्य माझं नव्हतं, भाभी. मी भाईला कळवलं होतं. पहिल्याच आठवड्यात. डॉक्टरनं आशा नाही सांगितलं, तेव्हा मी त्याच्या हॉटेलवर फोन केला. तो म्हणाला, साबिराला सांगू नकोस. आणि आई विचारते म्हटल्यावर तो म्हणाला, सांग, सुट्टी मिळत नाही, ईद झाल्यावर बघते. जसं त्यानं सांगितलं तसं मी सांगितलं. त्यानं शपथ घातली होती. आणि मला इसहाकचा व्हिसा दिसत होता. तेव्हा भाईनं सुट्टी घेतली असती तर ती जागा दुसऱ्या कुणाच्या माणसाला गेली असती. ते माझं. ते मी भाईवर ढकलत नाही.”

आतल्या खोलीत अरवाच्या टॅबलेटवर कसलं तरी गाणं चालू होतं. साबिराला ते फार लांबून ऐकू येत होतं. तिला तो दुपारचा पलंग दिसला, कडेला बसलेला माणूस, त्याचं रडणं. ते रडणं खोटं नव्हतं, हे तिला आत्ताही कळत होतं. त्यामुळे आणखी वाईट होतं.

“शेजारणीनं मला सांगितलं, तेव्हा मी यांना विचारलं होतं,” ती म्हणाली. “ते म्हणाले, फरहाना घाबरली असेल.”

“माहीत आहे. मला म्हणाला होता, तुझं नाव घेतलं, आता सांभाळून घे.”

“आणि तू घेतलंस.”

“इसहाक तुमच्याकडेच जेवत होता ना, भाभी.”

मग साबिरानं तिला माफ केलं. नीट, पूर्ण वाक्यात, जसं तिच्या लहानपणी करत तसं. माझ्या आईला तू जे खोटं सांगितलंस ते मी माझ्याकडून माफ केलं, म्हणाली. आईचं आईजवळ, ते माझ्या हातात नाही. फरहाना तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. साबिरा तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. तिला स्वतःला रडू येत नव्हतं. जिच्यावर इतकी वर्षं राग धरला तिच्यावरचा राग गेला होता आणि ती जागा रिकामी राहिली नव्हती.

फरहाना आल्याचं अरवानं फोनवर कळवलं होतं, म्हणून हुसेनमियाँ संध्याकाळी बहिणीला हॉटेलवर न्यायला आले. दोघींना जवळ बसलेलं पाहून त्यांचा चेहरा खुलला. झालं ना मिटवामिटवी, म्हणाले, मी म्हणत नव्हतो? फरहानानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. निघताना तिनं साबिराला मिठी मारली आणि कानात म्हणाली, त्याला सांगू नकोस मी बोलले म्हणून. मग लगेच स्वतःच म्हणाली, नाही, सांग. सांग त्याला.

तिला सोडून ते परत आले तेव्हा आकिब आणि नबीला अरवाला घेऊन बाजारात गेले होते. साबिरानं त्यांच्यापुढे जेवण ठेवलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि ती म्हणाली,

“आईला काय सांगायचं ते तुम्ही फरहानाला सांगितलं होतंत.”

हुसेनमियाँनी घास चावून खाल्ला. पाणी प्यायले. समोर हॉटेलातला पाहुणा असता, कुठल्याही देशाचा, तर एव्हाना हात छातीवर गेला असता आणि मान कलती झाली असती. साबिरा त्या हाताकडे पाहत होती. तो ताटाच्या कडेला होता तिथेच राहिला.

“तेव्हाची परिस्थिती तुला माहीत आहे,” ते म्हणाले. “रमजानचा मोसम. ज्याच्या व्हिसावर होतो तो कफील एक दिवस सोडत नव्हता. इसहाकची जागा गेली असती. फरहानाचं घर उभं राहिलं ते त्या जागेवर. आणि तू जाऊन काय केलं असतंस? आईंचं वय झालं होतं.”

“मी गेले नसते तरी चाललं असतं. तिला तेवढं सांगायला नको होतं.”

“काहीतरी सांगायलाच हवं होतं ना. रोज विचारत होत्या.”

“आणि फरहानाच्या अंगावर घातलंत.”

“ती गावात होती, तू इथे. तुम्हा दोघींना कुठे एका घरात राहायचं होतं? मला तुझ्याबरोबर राहायचं होतं.”

ते खरंच होतं. एकेक करून सगळंच खरं होतं. त्यांनी सगळं विचार करून, घरासाठी, बहिणीसाठी, संसारासाठी केलं होतं आणि आता ते तसंच क्रमानं मांडत होते. साबिरा उभी राहून ऐकत होती. सगळं सांगून झालं तरी ती उभीच राहिली. त्यांना वाटलं ती भाकरी वाढणार आहे, म्हणून त्यांनी नको असं हातानं केलं.

त्या दिवसापासून साबिरा वाट पाहू लागली आणि आपण कशाची वाट पाहतो आहोत हे कळल्यावर तिची तिलाच लाज वाटली. ‘चुकलं माझं’ची आशा तिला नव्हती. येरझाऱ्या घालणं, समोर येऊन उभं राहणं, हे त्यांच्या अंगात नव्हतंच. ती सॉरीची वाट पाहत होती. ज्या शब्दाला तिनं आयुष्यभर नाक मुरडलं, जो जिन्यावर आणि लिफ्टमध्ये पायाशी पडलेला असतो, तोच. पुढे काही नसलेला, नुसता, हलका. तोही तिनं घेतला असता. त्याच्यावर तिनं उरलेली वर्षं काढली असती.

आणि तो त्या दिवसांत घरभर होता. मोसम शिगेला पोचलेला, हुसेनमियाँच्या फोनला उसंत नव्हती. जेवताजेवता ते उठून खिडकीशी जात आणि कुणा अनोळखी माणसाला सॉरी म्हणत, तोच तो आतून उपसलेला आवाज, हात छातीवर, पलीकडच्याला दिसत नसूनही. अरवाची पेन्सिल त्यांच्या पायाखाली मोडली, तिला सॉरी म्हणाले. साबिरा ओट्याशी उभी राहून ऐके. मला शेवटचं सॉरी यांनी कधी म्हटलं, असं ती आठवू पाही. कदाचित कधीच नसेल. घरच्या माणसाला सॉरी काय म्हणायचं, असं ते लग्नानंतर एकदा कौतुकानं म्हणाले होते आणि तिला त्याचं अप्रूप वाटलं होतं.

हजच्या मुख्य दिवशी, अराफातच्या दिवशी, फरहानाचा फोन आला. आवाज बसलेला, मागे गर्दीचा घोष. तुझ्या आईचं नाव घेऊन दुआ केली, म्हणाली. हलकं वाटतंय, भाभी, फार हलकं वाटतंय. साबिरानं तिला आशीर्वाद दिला आणि पाणी पीत राहा, उन्हात फिरू नकोस, असं सांगितलं. मग फोन हुसेनमियाँकडे दिला. तेही बहिणीशी प्रेमानं बोलले.

बकरी ईद झाली. कुर्बानीचं मटण आलं होतं. साबिरा स्वयंपाकघरात खाली बसून वाटे करत होती, शेजारच्यांचे, वॉचमनचे, फ्रीजरचे. हुसेनमियाँ पाणी घ्यायला आत आले. जागा अरुंद, खाली परातीच पराती. वळताना त्यांचा पाय तिच्या पावलावर पडला.

“सॉरी,” ते म्हणाले.

हळू म्हणाले. साबिराचे हात थांबले. तिनं वर पाहिलं. ते तिथेच उभे होते, हातात पेला, तिच्याकडेच पाहत होते. तिच्या छातीत असं काही धडधडलं की क्षणभर तिला आपल्या वयाचा विसर पडला.

“कशाबद्दल?” तिनं विचारलं.

“पाय पडला ना तुझ्यावर,” हुसेनमियाँ म्हणाले. “लागलं का?”

साबिरा परातीकडे वळली.

“नाही,” ती म्हणाली. “सरका जरा. तो वॉचमनचा वाटा आहे.”